‘चेस एच. क्यू.’ टेपवरून लोड होत नाही? स्पेक्ट्रमवर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

टायटोचा ‘चेस एच. क्यू.’ १९८८ मध्ये आर्केडमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ओशन कंपनीने तो घरगुती संगणकांवर आणला. काळी पोलिसी पोर्शे, साठ सेकंदांचे घड्याळ, तीन टर्बो आणि पळणाऱ्या गुन्हेगाराच्या गाडीला मागून धडका. एवढे सगळे साडेतीन मेगाहर्ट्झच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या सिंक्लेअरच्या घरगुती संगणकावर चालते, याचे मला आजही नवल वाटते. पण आधी तो टेपवरून आत तर आला पाहिजे, आणि माझ्याकडे तक्रारी येतात त्या तिथेच.

खालचे सगळे स्पेक्ट्रमच्या कॅसेट आवृत्तीबद्दल आहे. कमोडोर ६४ ची दुखणी वेगळी. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन भारतात आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस कुणाच्या माळ्यावर असेल तर त्यालाही हेच लागू. तो ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचे, यंत्र म्हणून धरा.

लक्षणे

तुमचे लक्षण यांतले कोणते, ते आधी ठरवा. सगळ्यांची मुळे एक नाहीत.

- लोडची आज्ञा दिली, टेप फिरते आहे, पण कडेची चौकट संथपणे लाल-निळसर बदलत राहते. पट्टे येतच नाहीत. म्हणजे सिग्नल संगणकापर्यंत पोचतच नाही.
- पट्टे येतात, प्रोग्रामचे नाव उमटते आणि मग ‘आर टेप लोडिंग एरर’.
- चित्र पूर्ण किंवा अर्धे येते, नंतर पडदा काळा होतो किंवा यंत्र आपोआप रीसेट होऊन ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ची ओळ दाखवते. कसलाही संदेश नाही.
- ४८के यंत्रावर पहिला गुन्हेगार राल्फ पकडला, पण दुसरी पातळी टेपवरून येत नाही.
- कधी लोड होतो, कधी नाही; विशेषतः यंत्र तासभर चालू राहिल्यावर बिघडते.

दोन तक्रारी अशाही येतात ज्या बिघाड नाहीतच. पहिली: ‘नॅन्सी बोलत नाही, नुसता मजकूर येतो.’ खेळात रेडिओवरून गुन्हेगाराची माहिती देणाऱ्या नॅन्सीचा आवाज १२८के आवृत्तीत आहे. ४८के वर तो मिळणार नाही. दुसरी: ‘गाडी आपोआप एका बाजूला जाते.’ बहुतेक वेळा जॉयस्टिक लावलेली नसताना मेनूत केम्पस्टन (जॉयस्टिक जोडणीचा एक प्रकार) निवडलेले असते. ते पोर्ट रिकामे असले तरी यंत्र तिथून काहीतरी वाचते आणि खेळ ते खरे मानतो. कीबोर्ड निवडा, गाडी सरळ चालेल.

टेप लावण्याआधी यंत्राकडे पाहा

याला पैसा लागत नाही. ४८के यंत्रावर टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आले तर मेमरी पूर्ण आहे. ३२७६७ आले तर यंत्र स्वतःला १६के समजते आहे: एकतर ते खरोखर १६के आहे, किंवा वरची ३२के मेमरी मेली आहे. चालू होताना रॉम (यंत्रात कायमचा भरलेला प्रोग्राम) मेमरी तपासत जाते आणि जिथे अडखळते तिथेच थांबते, म्हणून हा आकडा विश्वासाचा. ३२७६७ दिसत असताना प्लेअरचे टेप वाचणारे हेड साफ करत बसणे म्हणजे दिवस फुकट घालवणे.

१२८के किंवा प्लस टू (आतच कॅसेट प्लेअर असलेला १२८के स्पेक्ट्रम) असेल तर मेनूतला ‘टेप लोडर’ वापरा. सवयीने ‘४८ बेसिक’ निवडले की वरच्या मेमरीचे दार बंद होते आणि खेळाला यंत्र ४८केच वाटते. मग प्रत्येक पातळी टेपवरून येते, नॅन्सी मुकी होते आणि लोक समजतात टेप बिघडली.

याच वेळी यंत्र टेपशिवाय अर्धा तास नुसते चालू ठेवून बघा. मध्येच रीसेट झाले किंवा पडद्यावर कचरा आला, तर दोष पॉवर सप्लायचा किंवा आतल्या व्होल्टेज रेग्युलेटरचा. शेवटचे लक्षण ज्यांचे आहे त्यांनी ही तपासणी चुकवू नये. सप्लाय बदलायचा असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: ४८के स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधला भाग ऋण असतो. बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे असतात. उलटा लावला तर पुढचे काही वाचायची गरज उरणार नाही.

केबल आणि आवाज

लोड करताना फक्त ‘इअर’ची (टेपवरून संगणकात येणारी) तार जोडा. ‘माइक’ची (संगणकातून टेपवर जाणारी) तार काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की काही प्लेअरमध्ये आवाज गोल फिरून परत येतो आणि पट्टे गढूळ होतात. हे इतके साधे आहे की कुणी करतच नाही.

आवाज तीन चतुर्थांशाच्या आसपास ठेवून सुरुवात करा. टोनचे बटण असेल तर तीक्ष्णतेकडे पूर्ण, खर्जाकडे शून्य. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद. सुरुवातीच्या सलग शिट्टीत लाल आणि निळसर पट्टे सारख्या जाडीचे आणि स्थिर दिसले पाहिजेत. एक रंग जाड आणि दुसरा बारीक असेल तर आवाज थोडा वर-खाली करा. नंतर डेटा सुरू झाला की निळे-पिवळे बारीक पट्टे येतात. तिथे मध्येच जाड ठिगळ दिसले तर त्या क्षणी सिग्नल तुटला.

स्टिरिओ वॉकमन वापरत असाल तर दोन्ही चॅनेल एकत्र करणारी केबल टाळा आणि एकच चॅनेल घ्या. हेड किंचित तिरके असले की डावा आणि उजवा आवाज पुढे-मागे पडतात आणि एकत्र केल्यावर एकमेकांना खातात. कानाला फरक कळत नाही, स्पेक्ट्रमला कळतो.

फोनवर चांगले, दाबून लहान न केलेले रेकॉर्डिंग असेल तर तेही इअरमध्ये देऊन पाहा. एअरप्लेन मोड चालू, आवाजाचे सगळे ‘इफेक्ट’ बंद, आवाज पूर्ण. टाइप-सीच्या स्वस्त तुकड्यातून आवाज पुरेसा मिळतोच असे नाही. तसे वाटले तर मध्ये छोटा अँप्लिफायर घाला. प्लस टूमध्ये प्लेअर आतच आहे, म्हणून तिथे गाडीच्या टेपसाठी मिळायचा तो कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर कामाला येतो. फोनवरून खेळ चढला तर संगणक निर्दोष. यापुढे फक्त प्लेअर आणि कॅसेट यांच्याकडे बघायचे.

कॅसेट हातात घेऊन बघा

उजेडात धरा. टेपच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके किंवा जाळीसारखे काही दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट चालवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटचे हे नेहमीचे दुखणे आहे, आणि एक बुरशीची कॅसेट चालवली की तीच घाण हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तिला वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.

मग उघड्या कडेने आत डोकावा. मधोमध पितळी पट्टीवर छोटा फेल्टचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा आत कुठेतरी पडलेला असतो. अशा वेळी आवाज येतो, पण मंद आणि घोगरा. निकामी कॅसेटमधली पट्टी काढून इथे बसवता येते. स्क्रूची कॅसेट असेल तर सोपे. चिकटवलेली असेल तर चाकूने उघडण्याच्या भानगडीत पडण्याऐवजी दुसरी प्रत शोधा.

तुकडा जागेवर असेल तर टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे फिरवा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टेपचे थर एकमेकांना धरतात आणि वेग हेलकावे खातो. फिरवल्याने ताण सारखा होतो. याच एका गोष्टीने किती कॅसेट चालू झाल्या आहेत, ते सांगितले तर खरे वाटणार नाही.

दुसऱ्या पातळीवर अडणाऱ्यांसाठी: प्लेअरचा आकडेमोजा शून्यावर आणून प्रत्येक भाग कुठे सुरू होतो ते लिहून ठेवा. खेळ जो भाग मागतो त्याच्या थोडे आधी टेप असली पाहिजे. पुढे गेलेली असेल तर यंत्र मुकाट वाट बघत बसते. मूळ ओशनची कॅसेट, ‘द हिट स्क्वॉड’ची स्वस्त आवृत्ती आणि ‘व्हील्स ऑफ फायर’ संचातली कॅसेट यांचे आकडे एकमेकांना लावू नका. प्रत्येकीचे स्वतंत्र लिहा.

हेड साफ करा

कापूस लावलेली काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातले मिळते तेच, फक्त पाण्याचे प्रमाण कमी असलेले घ्या. हेड आणि टेप ओढणारी धातूची कॅपस्टनची काठी तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत पुसा. टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक होते. त्याला सौम्य साबणाचे पाणी पुरते. सगळे कोरडे होऊ द्या आणि मगच कॅसेट घाला.

हे का महत्त्वाचे? शून्याचा बिट सुमारे दोन हजार हर्ट्झवर आणि एकचा बिट सुमारे एक हजारवर नोंदलेला असतो. हेडवर थर बसला की आधी वरचे स्वर मरतात, म्हणजे शून्ये. प्रत्येक भागाच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो आणि हजारो बिटांतला एक जरी चुकला तरी तो जुळत नाही. सुरुवातीचे नाव नीट येते कारण तो भाग फक्त सतरा बाइटचा आहे. चुकायला जागाच कमी. म्हणून ‘नाव तर आले, म्हणजे टेप चांगली आहे’ हा निष्कर्ष काढू नका.

ओशनच्या अनेक टेपवर स्पीडलॉकसारखे संरक्षित लोडर असत. ते चूक झाल्यावर संदेश देत नाहीत, सरळ रीसेट करतात. रीसेट झाले म्हणून घाबरून यंत्र उघडू नका. आतली चूक बहुधा तीच, साधी टेप एररची.

एक चाचणी जी निकाल लावते

कोरी कॅसेट घ्या. १२८के असेल तर या चाचणीपुरते ४८ बेसिकमध्ये जा. ‘माइक’ जोडा, ‘इअर’ काढा आणि सेव्ह "अ" कोड ०,१६३८४ अशी आज्ञा द्या (नावाच्या जागी अर्थातच इंग्रजी अक्षर). ही यंत्राचीच रॉम टेपवर उतरवते, सुमारे दीड मिनिट लागते. टेप मागे घ्या, तारा उलट करा आणि व्हेरिफाय "" कोड द्या. रॉम कधी बदलत नसल्याने ताडून बघायला याहून चांगला मजकूर नाही.

आता दोन शक्यता.

‘ओके’ आले, पण ‘चेस एच. क्यू.’ तरीही चढत नाही: तुमचा प्लेअर स्वतःचे लिहिलेले वाचतो, कारखान्यात लिहिलेले वाचत नाही. म्हणजे हेडचा कोन किंवा टेपचा वेग कारखान्यापेक्षा वेगळा आहे. स्वतःच्या चुकीत तो स्वतःशी जुळतो, म्हणून हे असे दिसते. खालचे दोन भाग तुमच्यासाठी आहेत.

‘ओके’ आले नाही: दुसरा प्लेअर मागून आणा आणि हीच चाचणी करा. त्यावरही नाही आले तर कोनाच्या स्क्रूला हात लावू नका. दोष केबलमध्ये किंवा संगणकाच्या इअर-माइकच्या सर्किटमध्ये आहे.

वेग

फोनवर आवाजाची वारंवारता मोजणारे कुठलेही मोफत अॅप घ्या. टेप स्पीकरवर लावून पहिल्या भागाआधीची सलग शिट्टी मोजा; ती पाचेक सेकंद असते. मानक शिट्टी ८०७ हर्ट्झच्या आसपास यायला हवी. कुठल्याही वेगळ्या चाचणी टेपवर पैसे घालायची गरज नाही, स्पेक्ट्रमची प्रत्येक साधी टेप ही सोय घेऊनच येते.

दहा-पंधराचा फरक चालून जातो. ७६० किंवा ८५० दिसत असेल तर रॉम कदाचित वाचेल, पण घाईने वाचणारा संरक्षित लोडर अडेल. आकडा स्थिर न राहता डोलत असेल तर बेल्ट सैल झाला आहे किंवा पिंच रोलर गुळगुळीत झाला आहे. बेल्ट वितळून काळ्या काकवीसारखा झालेला असेल तर तो कपड्यांना लावून घेऊ नका, निघत नाही. योग्य मापाचा नवा बेल्ट मिळाला तर काम अवघड नाही. वेग स्थिर पण चुकीचा असेल तर बऱ्याच मोटरांच्या मागे छोट्या भोकात वेगाचा स्क्रू असतो. अगदी थोडा फिरवा, पुन्हा मोजा.

हेडचा कोन

सर्वांत जास्त वेळा दोष इथे सापडतो, आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते, कारण लोक पहिल्याच दिवशी स्क्रू फिरवतात. वरचे सगळे झाल्याशिवाय इथे येऊ नका.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवरचा स्क्रू असतो, तोच कोनाचा. दुसऱ्या बाजूचा घट्ट स्क्रू हलवायचा नाही. बऱ्याच प्लेअरमध्ये प्ले दाबल्यावर एका छोट्या भोकातून तो बरोबर समोर येतो. चुंबक नसलेला बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या. आधी मार्करने स्क्रूची मूळ जागा खूण करा. ही खूण नसेल तर परतीचा रस्ता नाही.

‘चेस एच. क्यू.’ची टेप डेटाच्या भागात चालू ठेवा आणि स्पीकरवर ऐका. स्क्रू एका वेळी एक अष्टमांशाहून कमी फिरवा. आवाज घोगरा होत गेला तर उलट दिशेला या. सर्वांत तीक्ष्ण, कानाला टोचणारी जागा सापडली की थांबा. अर्ध्या फेऱ्यात सापडली नाही तर स्क्रू खुणेवर परत न्या, तुमचा दोष हा नाही.

कारखान्यात कॅसेट उतरवणाऱ्या यंत्रांचे कोनही एकसारखे नसत, त्यामुळे या टेपला जुळवलेला प्लेअर तुमच्या दुसऱ्या खेळांवर रुसू शकतो. माझे मत असे की एक प्लेअर सर्वाधिक टेप वाचतील अशा मधल्या जागी स्थिर करावा, स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब द्यावा आणि हट्टी कॅसेटसाठी दुसरा जुना प्लेअर ठेवावा. दर खेळाला स्क्रू फिरवत राहिलात तर आटे झिजतात.

कोन जुळल्यावर खेळ एकदा चढला की लगेच टेप संगणकावर रेकॉर्ड करून ठेवा. ऑडॅसिटीत मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ पुरे. लाटा वाढवून बघितल्या की टेप कुठे झिजली आहे तेही दिसते: तिथे उंची अचानक खाली गेलेली असते. हे रेकॉर्डिंग एम्युलेटरमध्ये (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चढते पण खऱ्या यंत्रावर नाही, तर टेपला दोष देणे बंद करा.

इथे थांबा

यांपैकी काही दिसले तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि जुन्या संगणकांची किंवा ऑडिओची दुरुस्ती करणाऱ्याकडे जा:

- मेमरीचा आकडा चुकीचा, किंवा चालू करताच पडद्यावर रंगीत चौकडे. जुन्या ४८के यंत्रातल्या खालच्या मेमरीच्या चिपना पाच, बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात. उणे पाच गेला की चिप एकामागून एक जळतात. मीटर धरता येत नसेल तर यंत्र पुन्हा चालूही करू नका.
- दोन वेगवेगळ्या प्लेअरवर व्हेरिफाय नापास.
- पॉवर सप्लाय गुणगुणतो, जळका वास येतो किंवा हात लावता येत नाही इतका तापतो. त्याच्या आत २३० व्होल्ट आहेत; उघडू नका. जुन्या काचेच्या टीव्हीचेही तेच, प्लग काढल्यावरसुद्धा.
- कॅसेटला बुरशी आहे आणि तीच तुमची एकमेव प्रत आहे. तिची सफाई वेगळ्या, बळी द्यायला ठेवलेल्या प्लेअरवर करतात.
- टेप तुटली किंवा चुरगळली आहे.

दुरुस्तीवाल्याला ‘गेम चालत नाही’ एवढेच सांगू नका. मेमरीचा आकडा, शिट्टीचे हर्ट्झ, व्हेरिफायचा निकाल आणि स्क्रूची मूळ खूण कुठे होती, हे कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा वेळ आणि तुमचे तितकेच पैसे वाचतील. प्लेअर देताना मूळ कॅसेट त्यात ठेवू नका. रॉम उतरवलेली ती चाचणीची टेप द्या.